सोळाव्या वर्षीं परदेशीं : एका फुटबॉलपटूचें शिक्षण

फुटबॉलच्या सामन्यांत टाळ्या पडतात त्या बहुधा गोल करणाऱ्यास. त्याच्या खालोखाल कौतुक होतें तें गोलरक्षकाचें, कारण त्यानें झेप घेऊन अडविलेला चेंडू सर्वांच्या डोळ्यांस दिसतो. परंतु या दोघांच्या मध्यें जे गडी उभे असतात, ज्यांस आपण मधल्या फळींतील खेळाडू म्हणतों, त्यांचें काम प्रेक्षकांच्या नजरेंत सहसा भरत नाहीं. मागून आलेला चेंडू घ्यावयाचा, कोणता सोबती मोकळा आहे हें क्षणांत ठरवावयाचें, आणि तो सोबती जेथें पोहोंचणार असेल तेथें चेंडू अचूक धाडावयाचा. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला कीं लागलीच उलट धांवून वाट अडवावयाची. हें काम नव्वद मिनिटें अखंड चालतें. संघ हें एक शरीर मानलें, तर ही फळी म्हणजे त्याचा कणा होय.

आतां असा विचार करा कीं, एखादा खेळाडू आपला देश सोडून दुसऱ्या देशांत खेळावयास गेला. गोलच्या दोन खांबांमधील अंतर सर्व जगांत आठ यार्डच असतें. म्हणून गोलरक्षकाच्या किंवा गोल करणाऱ्याच्या कामाचें स्वरूप मुळापासून बदलत नाहीं. मधल्या फळींतील गड्याचें तसें नसतें. त्याचें सारें कौशल्य दहा सोबत्यांच्या व अकरा प्रतिस्पर्ध्यांच्या हालचालींवर अवलंबून. खेळाचा वेग बदलला, पंचांची दृष्टि बदलली, पायांखालचें गवत बदललें, कीं त्याचा सगळा हिशेब नव्यानें मांडावा लागतो. म्हणूनच परक्या देशांत जाऊन मधल्या फळींत नांव मिळविणें ही गोष्ट अवघड समजली जाते. आणि तें जर कोणी सोळाव्या वर्षीं, म्हणजे आमच्या दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या वयांत, आरंभिलें असेल, तर त्यास तें कसें साधलें हें जाणून घेणें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगाचें होईल. या हेतूनें स्पेनमधील सेस्क फाब्रेगास या खेळाडूचें इंग्लंडमधील शिक्षण येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फाब्रेगासचा जन्म ४ मे १९८७ रोजीं, बार्सिलोना शहराच्या ईशान्येस समुद्रकांठीं वसलेल्या आरेन्स दे मार या गांवीं झाला. दहाव्या वर्षीं त्यास बार्सिलोना क्लबच्या मुलांच्या संघांत प्रवेश मिळाला. लहान मुलांस खेळ शिकविण्याविषयीं हा क्लब प्रसिद्ध आहे, आणि त्याची शिकविण्याची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. मुलें वर्तुळ करून उभीं राहतात. एक किंवा दोन मुलें मध्यें असतात. भोंवतालच्यांनीं चेंडू एकमेकांस द्यावयाचा व मधल्यांनीं तो हिसकावयाचा. ज्याची चूक होईल त्यानें मध्यें जावयाचें. खेळ अगदीं साधा, परंतु रोज खेळल्यानें दोन संवयी अंगीं मुरतात. एक, चेंडू येण्यापूर्वींच आजूबाजूस पाहून ठेवणें. आणि दुसरी, आलेला चेंडू शक्य तों एकाच स्पर्शांत पुढें देणें. शरीरानें थोराड असण्याची येथें आवश्यकता नाहीं. डोळा व डोकें मात्र जागें पाहिजे. लिओनेल मेस्सी व जेरार्ड पिके हे त्याच्याच वयाचे त्याचे तेथील सोबती. पेप ग्वार्डिओला हा बार्सिलोनाच्या मोठ्या संघांत मधल्या फळींत चार क्रमांकाचा सदरा घालून खेळे. तो या मुलाचा आदर्श होता.

मग अशी जागा सोडून तो गेला कां? बार्सिलोनाच्या मोठ्या संघांत त्याच कामासाठीं झावी व इनिएस्ता यांच्यासारखे तरुण खेळाडू आधींच उभे होते, आणि आपली पाळी केव्हां येईल याचा त्यास भरंवसा वाटत नव्हता. उलट लंडन येथील आर्सेनल क्लबचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर हे लहान वयाच्या खेळाडूस मोठ्या संघांत उतरविण्यास कचरत नसत. ११ सप्टेंबर २००३ रोजीं फाब्रेगास आर्सेनलमध्यें दाखल झाला. त्या दिवशीं त्याचें वय सोळा वर्षें व चार महिने होतें.

येथें थोडा मागील इतिहास सांगितला पाहिजे, कारण परदेशी खेळाडूस इंग्लंडमध्यें खेळण्याची मोकळीक नेहमींच होती असें नाहीं. १९३१ मध्यें तेथील फुटबॉल असोसिएशननें असा नियम केला कीं, बाहेरून आलेल्या खेळाडूनें दोन वर्षें त्या देशांत राहिल्यावांचून तेथें खेळूं नये. ज्याचें पोट खेळावर, त्यानें दोन वर्षें न खेळतां काय खावें? अर्थात् दार जवळजवळ बंदच झालें. तें १९७८ मध्यें उघडलें. त्याच वर्षीं अर्जेंटिनानें विश्वचषक जिंकला होता, आणि त्या संघांतील ओस्वाल्दो आर्दिलेस व रिकार्दो व्हिया हे मधल्या फळींतील दोन खेळाडू लंडनच्या टॉटनहॅम क्लबांत आले. पुढें १९९५ मध्यें बोस्मन नांवाच्या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यांत युरोपियन न्यायालयानें निर्णय दिला, आणि युरोपियन संघांतील इतर देशांच्या खेळाडूंवर संख्येची मर्यादा घालणें बेकायदा ठरलें. त्यानंतर इंग्लिश संघांत परदेशी नांवें इतकीं वाढलीं कीं, १४ फेब्रुवारी २००५ रोजीं आर्सेनलनें एका लीग सामन्यासाठीं निवडलेल्या सोळा गड्यांत एकहि इंग्लिश गडी नव्हता. ब्रिटन युरोपियन संघांतून बाहेर पडल्यावर चक्र पुन्हां उलटें फिरलें. २०२१ पासून इंग्लंडमधील क्लबांस अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडू घेतां येत नाहीं. म्हणजे ज्या दारानें फाब्रेगास सोळाव्या वर्षीं आंत गेला, तें दार आज त्या वयाच्या मुलास बंद आहे.

आतां इंग्लंडच्या खेळांत निराळें असें काय आहे तें पाहूं. पहिली गोष्ट वेग. चेंडू मिळाला कीं विलंब न लावतां तो पुढें धाडावा व सर्वांनीं त्यामागें धांवावें, ही तेथील जुनी रीत. प्रेक्षकांसहि ती प्रिय आहे. दुसरी गोष्ट झोंबाझोंबी. खांद्यास खांदा भिडवून चेंडू मिळविणें हें सर्वच देशांत नियमांत बसतें. परंतु स्पेनमध्यें ज्या धक्क्यास पंच शिटी वाजवितात, तशाच धक्क्याकडे इंग्लंडमधील पंच पुष्कळदां काणाडोळा करून खेळ चालू ठेवतात. तिसरी गोष्ट हवा. तेथें हिंवाळ्यांत दुपारीं चारच्या सुमारास अंधार पडूं लागतो. पाऊस, बोचरा वारा आणि निसरडें गवत हीं नेहमींचीं. चौथी गोष्ट विसाव्याचा अभाव. स्पेनमध्यें नाताळच्या सुमारास सामने कांहीं दिवस थांबतात. इंग्लंडमध्यें उलट नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २६ डिसेंबरला, सामने खेळण्याची जुनी प्रथा आहे, आणि वर्षाच्या अखेरीचे ते दिवस सर्वांत धांवपळीचे असतात. लीगच्या जोडीस एफ. ए. कप व लीग कप अशा दोन स्वतंत्र स्पर्धा असतात, त्या वेगळ्याच. वरच्या लीगनें हिंवाळ्यांत ठरवून विसावा दिला तो प्रथम २०१९-२० च्या हंगामांत. फाब्रेगास गेला त्या काळीं तशी सोय नव्हती.

अशा ठिकाणीं हा सडपातळ मुलगा आला. भाषा परकी, हवा परकी, जेवण परकें. आरंभीं त्यास लंडनमध्यें करमेना. क्लबच्या व्यवस्थेप्रमाणें त्याची राहण्याची सोय एका घरगुती बिऱ्हाडीं झाली होती. स्वित्झर्लंडहून आलेला फिलिप सेंडेरोस हा दुसरा तरुण खेळाडूहि त्याच्या सोबतीस होता. सेंडेरोसचे वडील स्पॅनिश असल्यामुळें त्यास ती भाषा येत होती. दोघांची मैत्री जमली, आणि फाब्रेगासचें मन हळूहळू थाऱ्यावर आलें. परक्या देशांत आपल्या भाषेंत बोलणारा एक जरी माणूस भेटला, तरी मनावरचा अर्धा भार उतरतो. फुटबॉलच्या इतिहासांत अशा मैत्रीची नोंद आंकड्यांनीं होत नाहीं. परंतु पुढील सर्व आंकडे तिच्यावांचून झाले असते कीं नाहीं, याची आम्हांस शंकाच आहे.

२८ ऑक्टोबर २००३ रोजीं हायबरी येथील आपल्या मैदानावर आर्सेनलचा लीग कपचा सामना रॉदरहॅम युनायटेडशीं झाला. त्या दिवशीं वेंगर यांनीं फाब्रेगासला मोठ्या संघांत खेळविलें. त्याचें वय १६ वर्षें व १७७ दिवस होतें, आणि तोंवर इतक्या लहान वयाचा गडी आर्सेनलच्या मोठ्या संघांतून कधींच खेळला नव्हता. (हा उच्चांक पुढें २०२२ मध्यें पंधरा वर्षांच्या ईथन न्वानेरीनें मोडला.) सामना १–१ असा बरोबरींत सुटून पेनल्टींवर आर्सेनलनें जिंकला. डिसेंबरच्या आरंभीं त्याच स्पर्धेंत वुल्व्हरहॅम्प्टनविरुद्ध आर्सेनलनें ५–१ असा विजय मिळविला. त्यांत एक गोल फाब्रेगासचा होता, आणि क्लबसाठीं गोल करणाऱ्यांत तो सर्वांत लहान ठरला.

यावरून वाचकांस वाटेल कीं आतां त्याचा मार्ग सरळ झाला. तसें झालें नाहीं. त्या वर्षीं आर्सेनलनें लीगचे ३८ सामने खेळले. त्यांतील २६ जिंकले, १२ बरोबरींत सोडविले आणि एकहि गमावला नाहीं. असा पराक्रम इंग्लंडच्या वरच्या लीगमध्यें शंभराहून अधिक वर्षांत घडला नव्हता. परंतु या ३८ सामन्यांपैकीं एकांतहि फाब्रेगास खेळला नाहीं, आणि म्हणून विजेत्यांचें पदकहि त्यास मिळालें नाहीं. ज्या वर्षीं त्याचा संघ अजिंक्य ठरला, त्या वर्षीं हा मुलगा लीगचे सामने बाहेरूनच पाहत होता.

तें वर्ष फुकट गेलें काय? आमच्या मतें तेंच त्याच्या शिक्षणाचें खरें वर्ष होतें. आर्सेनलच्या मधल्या फळींत त्या वेळीं फ्रान्सचा पॅट्रिक व्हिएरा हा कर्णधार व ब्राझिलचा जिल्बेर्तो सिल्व्हा असे दोन दांडगे गडी होते. व्हिएराची उंची सुमारें सहा फूट चार इंच. फाब्रेगासची सुमारें पांच फूट नऊ इंच. वर्षभर अशा खेळाडूंच्या संगतींत सराव करावयाचा म्हणजे वेग कसा असतो व धक्का कसा असतो, हें पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं.

ऑगस्ट २००४ मध्यें हंगाम सुरू होतांना व्हिएरा दुखापतीमुळें खेळूं शकत नव्हता. १५ ऑगस्टला एव्हर्टनच्या मैदानावरील पहिल्याच लीग सामन्यांत फाब्रेगासला जागा मिळाली व आर्सेनलनें तो सामना ४–१ असा जिंकला. दहा दिवसांनीं ब्लॅकबर्नविरुद्ध ३–० अशा विजयांत त्यानें लीगमधील आपला पहिला गोल केला. पुढें इतरहि गडी जायबंदी होत गेले, आणि त्या हंगामांत सर्व स्पर्धा मिळून तो ४६ सामने खेळला. मे २००५ मध्यें मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यांतहि तो होता. तो कप आर्सेनलनें पेनल्टींवर जिंकला. अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालेला मुलगा त्या देशांतील सर्वांत जुन्या स्पर्धेचें पदक घेऊन बाहेर पडला.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आपल्याहून थोराड व वेगवान गड्यांमध्यें त्याचा निभाव लागला कसा? त्याची उपपत्ति अशी आहे. बलाढ्य गड्यानें धक्का द्यावयाचा तो कोणास? ज्याच्यापाशीं चेंडू आहे त्यास. धक्का पोहोंचण्यापूर्वींच चेंडू निघून गेला असेल, तर त्या बळाचा कांहींच उपयोग नाहीं. परंतु चेंडू आल्यावर मग कोठें द्यावा याचा विचार करूं लागणाऱ्यास ही वेळ साधत नाहीं; विचार आधींच झालेला असला पाहिजे. बार्सिलोनाच्या वर्तुळांतील खेळानें लावलेली संवय येथें कामास आली. चेंडू येत असतांना फाब्रेगास मान वळवून एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे पाहून घेई. तो चेंडूकडे तोंड करून सरळ उभा न राहतां अंग किंचित् तिरकें ठेवी. सरळ उभें राहणाऱ्यास पाठीमागचें अर्धें मैदान दिसत नाहीं. तिरकें उभें राहणाऱ्यास दोन्हीं बाजू दिसतात, आणि चेंडू घेऊन वळण्यास निराळा वेळ लागत नाहीं. इंग्लंडच्या खेळांतील वेग हा त्याच्यापुढील संकट होता. परंतु ज्याचा विचार पायांच्या आधीं धांवतो, त्यास तोच वेग सोईचा होतो, कारण प्रतिपक्षाचे गडी जितक्या त्वरेनें अंगावर येतात तितकी त्यांच्या पाठीमागची जागा मोकळी पडते.

मात्र सर्वच जुनें तसेंच ठेवून भागलें नाहीं. बार्सिलोनांत चेंडू बहुधा सोबत्याच्या पायांत द्यावयाचा. आर्सेनलमध्यें थिएरी ऑन्रीसारखा चपळ गडी पुढें धांवत असे, म्हणून चेंडू त्याच्या पायांत न देतां त्याच्यापुढील मोकळ्या जागेंत द्यावा लागे, आणि तोहि लागलीच. म्हणजे प्रथम पुढें पाहणें, तेथें वाट नसेल तरच बाजूस वळणें, ही नवी संवय त्यानें लावून घेतली. दुसरें, चेंडू गेल्यावर मागें धांवून झगडणें व प्रसंगीं खांदा देणें, हें त्यास शिकावें लागलें. पंच शिटी वाजवितील म्हणून थांबून राहणाऱ्याची इंग्लंडमध्यें फसगत होते, हेंहि त्यास कळलें. ‘देश तसा वेश’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. बदलावयाचा तो वेश. वेश घालणारा नव्हे. या मुलानें पायांचा वेग, चेंडूची दिशा व झगडण्याची तयारी हीं बदललीं. परंतु आधीं पाहणें व एका स्पर्शांत देणें, हें जें त्याचें मूळ भांडवल, तें त्यानें सोडलें नाहीं. तो जर दुसरा व्हिएरा होऊं पाहता, तर व्हिएराहि झाला नसता व फाब्रेगासहि राहिला नसता.

तो सर्वगुणसंपन्न पुतळा होता असा ग्रह कोणी करून घेऊं नये. ऑक्टोबर २००४ मध्यें आर्सेनलची ४९ सामन्यांची अपराजित मालिका मँचेस्टर युनायटेडनें खंडित केली. सामन्यानंतर खेळाडूंच्या खोल्यांजवळ गडबड उडाली, आणि कोणीतरी भिरकावलेला पिझ्झाचा तुकडा युनायटेडचे वयोवृद्ध प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांस जाऊन लागला. तो कोणी फेंकला याची चर्चा तेरा वर्षें चालली. अखेर २०१७ मध्यें तो आपणच फेंकल्याचें फाब्रेगासनें कबूल केलें. मैदानावर तीस वर्षांच्या गड्यांत उभें राहिलें, तरी सतराव्या वर्षाचें वय तें सतराव्या वर्षाचेंच! आमचे विद्यार्थी या गोष्टीचें अनुकरण करणार नाहींत अशी आशा आहे.

खरी कसोटी पुढेंच होती. २००५ च्या उन्हाळ्यांत व्हिएरा आर्सेनल सोडून इटलींतील युव्हेंटस क्लबांत गेला, आणि त्याचा चार क्रमांकाचा सदरा पुढें फाब्रेगासला मिळाला. एवढ्याशा मुलाकडून ही जागा भरून निघेल काय, अशी शंका पुष्कळांनीं घेतली. ती अगदींच अवास्तव नव्हती. योगायोग असा कीं, २८ मार्च २००६ रोजीं युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्यें आर्सेनलची गांठ युव्हेंटसशींच पडली, आणि व्हिएरा प्रतिपक्षाकडून हायबरीवर उतरला. पूर्वार्धांत रोबेर पिरेसनें व्हिएराच्याच पायांतून चेंडू काढून घेतला. तो ऑन्रीकडून फाब्रेगासकडे आला, आणि फाब्रेगासनें खालून मारलेला चेंडू बुफॉनसारख्या नामांकित गोलरक्षकास चुकवून जाळ्यांत गेला. उत्तरार्धांत फाब्रेगासनेंच दिलेल्या पासवर ऑन्रीनें दुसरा गोल केला. सामना २–० असा संपला. व्हिएरा थोर खेळाडू होता व राहिला. सिद्ध झालें तें इतकेंच कीं, एकच काम दोन निराळ्या गुणांनीं करतां येतें. त्या वर्षीं आर्सेनल अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला व पॅरिस येथें बार्सिलोनाकडून २–१ असा हरला.

गुणी खेळाडूस हें नेहमींच साधतें असें मात्र नाहीं. २००१ मध्यें अर्जेंटिनाचा हुआन सेबास्तियन व्हेरॉन हा मधल्या फळींतील नामवंत खेळाडू, ब्रिटनमध्यें तोंवर कोणासाठींहि दिली गेली नव्हती एवढी किंमत देऊन, मँचेस्टर युनायटेडनें आणला. इटलींत त्यानें मोठें नांव मिळविलें होतें. तरी इंग्लंडमध्यें त्याचा जम बसला नाहीं, आणि दोन वर्षांत तो दुसरीकडे गेला. त्याच्या अंगचें कौशल्य विमानांतून उतरतांना नाहींसें झालें असें नव्हे. जेथें जावयाचें तेथील संघाची घडी, आणि येणाऱ्याची धाटणी, हीं दोन्हीं एकमेकांस जुळावीं लागतात.

आणि येथेंच आर्सेनलचें श्रेय सांगितलें पाहिजे. फाब्रेगास इंग्लंडच्या खेळास जुळला हें खरें. परंतु आर्सेनलहि त्याच्या खेळास जुळला. वेंगर यांनीं त्यास व्हिएरासारखें खेळावयास लावलें नाहीं. त्यांनीं मधली फळी हळूहळू बळापेक्षां पासांवर आधारलेली केली, आणि २००७-०८ च्या हंगामांत त्याच्या शेजारीं मातिए फ्लामिनी हा अथक धांवून चेंडू हिसकणारा सोबती उभा केला. त्या वर्षीं आर्सेनल ८३ गुण मिळवून तिसरा आला, व इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेनें फाब्रेगासला वर्षांतील उत्कृष्ट तरुण खेळाडू म्हणून निवडलें. नोव्हेंबर २००८ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो कर्णधार झाला. या धोरणाची किंमतहि क्लबला मोजावी लागली. २००५ च्या एफ. ए. कपनंतर २०१४ पर्यंत आर्सेनलला कोणतीहि मोठी स्पर्धा जिंकतां आली नाहीं, आणि लीगचें विजेतेपद तर फाब्रेगासला तेथें असतांना कधींच मिळालें नाहीं.

तो परका राहिला नव्हता याची खूण एका सामन्यांत दिसली. ३१ मार्च २०१० रोजीं आर्सेनल बार्सिलोनाविरुद्ध १–२ असा मागें होता. पायास जबर मार बसला असतांहि फाब्रेगासनें पेनल्टी स्वतः घेतली, गोल करून बरोबरी साधली, आणि नंतर त्यास चालवेना. तपासांत पायाचें हाड चिरल्याचें आढळलें. ज्या क्लबनें त्यास लहानाचें मोठें केलें, त्याच्याच विरुद्ध, ज्या क्लबनें त्यास जागा दिली, त्याच्यासाठीं तो चिरलेल्या पायानें उभा होता. त्याच वर्षीं ११ जुलै रोजीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत स्पेनतर्फे इनिएस्तानें ११६ व्या मिनिटास निर्णायक गोल केला. त्यापूर्वींचा पास फाब्रेगासचा होता.

ऑगस्ट २०११ मध्यें तो बार्सिलोनास परत गेला. घरीं परतला, आतां तरी जुळवून घेण्याचा प्रश्न उरला नाहीं, असें कोणासहि वाटेल. घडलें तें निराळें. आर्सेनलमध्यें त्यास मैदानभर फिरण्याची मोकळीक होती. बार्सिलोनांत प्रत्येकाची जागा आंखलेली, आणि मधल्या फळींत झावी व इनिएस्ता अजून होतेच. त्यास कधीं मध्यें, कधीं पुढें खेळावें लागलें. स्पेनची लीग व तेथील राजाचा चषक त्यानें जिंकले. तथापि तीन वर्षांनीं क्लबनें त्यास जाऊं दिलें. २०१४ मध्यें तो पुन्हां लंडनला, या वेळीं चेल्सी क्लबांत आला, आणि पहिल्याच हंगामांत लीगमधील १८ गोल त्याच्या पासांवर होऊन चेल्सीनें विजेतेपद मिळविलें. २०१७ मध्यें तें पुन्हां मिळालें. ज्या देशांत तो सोळाव्या वर्षीं भांबावून गेला होता, तो देश आतां त्याच्या ओळखीचा झाला होता; आणि जन्मभूमींत त्यास नव्यानें रुळावें लागलें होतें.

पालकांनीं या शेवटच्या गोष्टीचा अवश्य विचार करावा. शिक्षणासाठीं किंवा उद्योगासाठीं आपण मुलास दूर पाठवितों, तेव्हां तो जसा गेला तसाच परत येईल अशी आपली समजूत असते. तसें होत नाहीं. नव्या जागेशीं जुळवून घेतांना तो बदलतो, आणि त्यानें बदलावें म्हणूनच तर आपण त्यास पाठविलेलें असतें. तो परत आला म्हणजे घरानेंहि त्यास थोडें जुळवून घेतलें पाहिजे. आणखी एक गोष्ट. फाब्रेगासचें नांव आपणांस ठाऊक आहे, कारण त्यास यश आलें. त्याच वयांत तशाच आशेनें घर सोडून गेलेल्या व मागें पडलेल्या मुलांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. म्हणून खेळाच्या आशेवर अभ्यास सोडण्याचा सल्ला आम्ही कोणासहि देणार नाहीं.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. तुमच्यांपैकीं कांहीं जण उद्यां गांव सोडून मोठ्या शहरांतील वसतिगृहांत जातील. तेथें बोलण्याची ढब निराळी, जेवण निराळें, वर्गाचा वेग निराळा असेल. जें बदलावयास हवें तें लाज न धरतां बदला; जें तुमचें खरें भांडवल आहे तें भीतीपोटीं टाकूं नका; आणि एखादें वर्ष बाकावर बसून काढावें लागलें, तर तें शिकण्यांत घालवा. जे येथेंच राहतील त्यांच्यासाठींहि एक काम आहे. दर जूनमध्यें आपल्या शाळेंत बाहेरगांवचीं नवीं मुलें येतात. संध्याकाळीं मैदानाच्या कडेस त्यांतील एखादा मुलगा एकटा उभा दिसेल. त्यास खेळावयास बोलवा, आणि पहिला पास त्यास द्या.